तंजावर : मृत्यूपलीकडची गाठ

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, भातशेतीच्या हिरव्या विस्ताराच्या मधोमध तंजावर वसले आहे. मराठी प्रवासी येथे येतो तो बहुधा दोन ओढींनी. राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केलेले बृहदीश्वराचे मंदिर त्याला पाहावयाचे असते. आणि शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५ च्या सुमारास जेथे राज्य स्थापिले व १८५५ पर्यंत जेथे भोसल्यांची गादी नांदली, त्या दूरदेशीच्या मराठी नगराचे दर्शन घ्यावयाचे असते. मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा प्रचंड मराठी शिलालेख दिसला, की या दोन्ही ओढी एकाच जागी तृप्त होतात.

परंतु तंजावरकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. विवाहाने जुळलेली दोन माणसे मृत्यूने विलग होतात की नाही, हा प्रश्न प्रत्येक संसारात केव्हा ना केव्हा उभा राहतो. आपल्याकडे वटपौर्णिमेला सुवासिनी वडाला सूत गुंडाळून हाच पती जन्मोजन्मी मिळावा म्हणून प्रार्थना करतात. तमिळ घरांत माशी महिना सरून पंगुनी लागतो त्या संधिकाळी, म्हणजे मार्चच्या मध्यास, ‘कारडैयान् नोन्बु’ नावाचे व्रत होते. तांदळाच्या पिठाच्या आणि चवळीच्या, एक गोड व एक तिखटमिठाची, अशा वाफवलेल्या वड्या लोण्यासह देवापुढे ठेवतात, गळ्यात पिवळा दोरा बांधतात आणि पतीचा वियोग कधीही न व्हावा असे मागणे मागतात. दोन्ही व्रतांची अधिदेवता एकच, सत्यवानाची सावित्री. तंजावरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या एका मराठी कुटुंबातील वृद्ध आजींना आम्ही या व्रताविषयी विचारले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “मागणे आम्हीच मागत आलो, बाळ. घरातल्या पुरुषांना तसे मागणे मागा, असे कोणी सांगितले नाही.”

आजींचे हे वाक्य सोबत घेऊनच आम्ही तंजावर पाहिले. या नगरात त्या प्रश्नाची उत्तरे दगडात, ताडपत्रांत आणि धर्मशाळांच्या ओवऱ्यांत विखुरलेली आहेत.

दोन चोळ राण्या

बृहदीश्वराच्या मंदिरात राजराजाची थोरली बहीण कुंदवै हिने अनेक मूर्ती व अलंकार अर्पण केले. त्यांची नोंद मंदिराच्या शिलालेखांत आहे. त्या मूर्तींत तिने आपल्या मातापित्यांच्याही प्रतिमा स्थापिल्या होत्या. पिता सुंदर चोळ. शिलालेख त्याचा उल्लेख ‘सुवर्णमहालात निद्रिस्त झालेले देव’ अशा अर्थाच्या शब्दांनी करतात. माता वानवन महादेवी. पतीच्या निधनानंतर ती त्याच्यामागून चितेवर गेली, आणि जाताना तिने आपल्या लहान लेकराचाही मोह धरला नाही, असे त्या काळचे लेख गौरवाने सांगतात.

गौरव करणाऱ्या कवींचे शब्द वाचून झाल्यावर मन मात्र कुंदवैकडे वळते. आईवडील एकत्र गेले; मागे राहिलेल्या मुलीने त्यांना धातूच्या प्रतिमांच्या रूपाने पुन्हा घरी आणले, त्यांच्या पूजेची व्यवस्था लावली. ती प्रतिमा घडविताना तिच्या मनात अभिमान होता की पोरकेपण, हे शिलालेख सांगत नाहीत.

याच घराण्यात दुसरीही एक राणी होऊन गेली. सुंदर चोळाचा चुलता गंडरादित्य हा अकाली वारला. त्याची पत्नी सेंबियन महादेवी सहगमनास गेली नाही. ती पुढे कित्येक दशके जगली आणि विटांची जुनी देवळे दगडात बांधून काढण्याचे व्रत तिने घेतले. कुंभकोणमच्या परिसरातील कोनेरीराजपुरम येथील शिवमंदिर तिने पतीच्या नावे उभारले. तेथील भिंतीवर गंडरादित्य शिवलिंगाची पूजा करीत असल्याचे शिल्प आहे. चोळ शिल्पकलेचा आणि कांस्यमूर्तींचा जो बहर पुढे आला, त्याला या विधवा राणीचा आश्रय मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाला, हे कलेचे इतिहासकार मान्य करतात.

एकाच कुळात, एकाच श्रद्धेच्या छायेत वाढलेल्या या दोन स्त्रिया. पतीशी असलेले नाते मरणाने संपत नाही, असे दोघीही मानीत असाव्यात. एकीने त्या नात्यासाठी प्राण वेचले आणि दुसरीने आयुष्य वेचले. आज पतीची मूर्ती यात्रेकरूंना दाखविते ती दुसरी.

ताडपत्रांतील धर्म

राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल हे विश्वविख्यात ग्रंथालय आहे. नायक राजांच्या काळापासून चालत आलेल्या या संग्रहाला सरफोजी दुसरे यांनी अपूर्व वैभव आणून दिले. संस्कृत, तमिळ, तेलुगू यांच्या जोडीला मराठी हस्तलिखितेही येथे हजारोंनी आहेत.

तंजावरच्या मराठी दरबाराशी निगडित असा एक संस्कृत ग्रंथ आमच्या विषयाशी थेट संबंध राखतो. त्याचे नाव ‘स्त्रीधर्मपद्धति’. कर्ता त्र्यंबकयज्वा. हा पंडित अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील भोसले दरबाराच्या मंत्रिकुळातील त्र्यंबकच होय, असे विदुषी ज्युलिया लेस्ली यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या अभ्यासात प्रतिपादिले आहे. पहाटे उठल्यापासून रात्री शय्येपर्यंत पत्नीने काय करावे, घर कसे सारवावे, अग्नीची सेवा कशी करावी, पाहुण्यांचा सत्कार कसा करावा, याचे बारीकसारीक विवेचन त्यात आहे. पतिसेवा हाच स्त्रीचा मुख्य धर्म, हे ग्रंथाचे सूत्र. सहगमनाचा प्रश्न आला, की पंडित त्याची प्रशंसा करतो. पत्नीच्या त्या पुण्याने दुर्वर्तनी पतीही परलोकी तरतो, असे तो स्मृतींच्या आधारे मांडतो. तथापि ते न करणाऱ्या स्त्रीसाठी संयमी वैधव्याचा मार्गही तो सांगतो. म्हणजे शास्त्रानेही अग्नी हा एकच मार्ग ठेवला नव्हता.

एवढा मोठा ग्रंथ स्त्रियांच्या धर्मावर झाला. परंतु पत्नी आधी निवर्तली तर पतीने परलोकातील त्या नात्यासाठी काय सोसावे, याचा असाच विस्तृत ग्रंथ कोणी रचल्याचे दिसत नाही. विधुराने पुन्हा विवाह करावा, अग्निहोत्र चालू ठेवावे, एवढ्यावर त्याचे कर्तव्य पूर्ण होई. आजींचे वाक्य येथे ताडपत्रांच्या साक्षीने खरे ठरते.

ग्रंथ एक सांगत असला, तरी भोसल्यांच्या घरातील स्त्रिया सर्वस्वी त्याच्या चाकोरीतून चालल्या असे नाही. शहाजीराजे निवर्तल्यावर जिजाबाई सती जाण्यास सिद्ध झाल्या आणि शिवरायांनी त्यांना परावृत्त केले, असे बखरी सांगतात. ही कथा प्रत्येक मराठी घराला परिचित आहे. तंजावरच्या गादीवर एकोजी दुसरे यांच्या निधनानंतर त्यांची राणी सुजाणबाई हिने १७३७–३८ मध्ये काही काळ राज्यकारभार पाहिला. उलट, एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तंजावरच्या एका राजाच्या निधनानंतर त्याच्या चार राण्यांपैकी दोघींना चितेवर जावे लागले, याचे हृदयद्रावक वर्णन फ्रेंच धर्मोपदेशक आबे द्युबुआ यांनी आपल्या ग्रंथात केले आहे. पुढे ४ डिसेंबर १८२९ रोजी बंगालमध्ये आणि १८३० साली मद्रास इलाख्यात सतीबंदीचा कायदा झाला आणि या प्रकरणावर राज्यसत्तेने पडदा टाकला.

कायद्याने चिता विझविली, पण प्रश्न मिटविला नाही. शेवटचे राजे शिवाजी यांनी पुत्रप्राप्तीच्या आशेने अनेक विवाह केले. १८५५ मध्ये ते निपुत्रिक वारले, कंपनी सरकारने राज्य खालसा केले आणि राजवाड्यात तरुण विधवांचा एक समुदायच उरला. वडील राणी कामाक्षीबाई यांनी कंपनीविरुद्ध दाद मागितली. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने राज्याच्या बाबतीत त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला. खाजगी मालमत्ता १८६२ मध्ये विधवांना परत मिळाली. मग त्या मालमत्तेत कोणाचा किती हक्क, हा वाद राण्या-राण्यांत मद्रासच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८६८ मध्ये सर्व विधवांचा समाईक हक्क मान्य झाला. त्यांच्याखेरीज राजवाड्यात आणखीही स्त्रिया होत्या. राजाच्या जागी तलवार ठेवून तिच्याशी ज्यांचे लग्न लागे, त्यांस ‘कत्ती’ म्हणजे खड्गपत्नी म्हणत. त्या धर्मपत्नी होत की नव्हेत, याचा खल न्यायालयात विसाव्या शतकापर्यंत चालला. ज्यांना जन्मोजन्मीचे बंधन म्हणून येथे आणले होते, त्यांना या एकाच जन्मातील अन्नवस्त्रासाठी वकील द्यावे लागले.

मुक्तांबेचे अन्नछत्र

तंजावरहून दक्षिणेस पट्टुकोट्टैच्या रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटर गेले, की ओरत्तनाडु हे गाव लागते. येथे मुक्तांबाळपुरम् छत्र आहे. छत्र म्हणजे वाटसरूंसाठी बांधलेली धर्मशाळा व अन्नछत्र. रामेश्वराच्या वाटेवर भोसले राजांनी अशी अनेक छत्रे उभारली.

हे छत्र सरफोजी दुसरे यांनी १८०० च्या सुमारास बांधविले. मुक्तांबा ही त्यांची प्रिय संगिनी. विवाहित राण्यांत तिची गणना नव्हती. मृत्युशय्येवर तिने दागिना मागितला नाही की स्मारक मागितले नाही. आपल्या नावे एक अन्नछत्र असावे एवढेच मागितले, अशी जनश्रुती आहे. राजाने ते बांधले आणि गावाला तिचे नाव दिले.

छत्रांत काय चाले, याची माहिती सरफोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना लिहिलेल्या पत्रात मिळते. सर्व जातींच्या वाटसरूंना तेथे अन्न मिळे. आजारी पडलेल्याला वैद्य, औषध व पथ्याचे अन्न मिळे. वाटेत प्रसूत होणाऱ्या स्त्रीची काळजी घेतली जाई, पोरक्या अर्भकांचे संगोपन होई, मुलांना शिकविण्यास पंतोजी असत. कोणी वाटसरू तेथेच निवर्तला, तर त्याच्या जातिधर्माप्रमाणे त्याचे उत्तरकार्य होई. कंपनीने राज्याचा कारभार घेतल्यावरही या छत्रांचे उत्पन्न त्यांच्याकडेच राहावे, यासाठी राजाने हा आग्रह धरला होता.

मुक्तांबा शास्त्राप्रमाणे पत्नी नव्हती. परलोकी तिचे स्थान कोणते, हे ‘स्त्रीधर्मपद्धति’च्या पंडिताला विचारले असते तर त्याने काय सांगितले असते, याची कल्पना करता येते. पण एका पुरुषाने आपल्या मृत प्रियेच्या वचनाशी इमान राखल्याचे असे उदाहरण तंजावरच्या साऱ्या वैभवात आम्हाला दुसरे आढळले नाही. आणि ते इमान कोणाच्या प्राणांची किंमत मागत नव्हते. भुकेल्याच्या पानावर भात वाढीत होते.

गढीतील गिरिजाघर

बृहदीश्वर मंदिराच्या लगत शिवगंगा तलाव आहे, आणि तलावाजवळ १७७९ मध्ये बांधलेले एक साधे गिरिजाघर. आत पांढऱ्या संगमरवरात कोरलेले एक शिल्प आहे. मृत्युशय्येवर एक वृद्ध धर्मोपदेशक पडला असून मराठी वेषातील तरुण राजा त्याचा हात हाती धरून उभा आहे. वृद्ध म्हणजे जर्मन मिशनरी श्वार्ट्झ, १७९८ मध्ये निवर्तलेले. राजा म्हणजे त्यांच्या देखरेखीखाली वाढलेले सरफोजी. सरफोजींनीच हे शिल्प इंग्लंडातील प्रसिद्ध शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून करविले. राजा आपल्या धर्मात राहिला, गुरू आपल्या. दोघांत तंटा झाला नाही.

श्वार्ट्झ स्वतः आजन्म अविवाहित होते. परंतु विवाहाच्या प्रश्नाने त्यांना एका मराठी स्त्रीच्या रूपाने गाठले. तंजावरच्या राजसेवेतील एका ब्राह्मणाची ती तरुण विधवा. सती जाण्याच्या प्रसंगातून लिटलटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिला वाचविले, असे सांगितले जाते. पुढे ती त्याच्यासोबत तिरुनेलवेलीजवळील पाळैयमकोट्टै येथे राहिली. तिने बाप्तिस्मा मागितला, तेव्हा श्वार्ट्झ यांनी नकार दिला. कारण ती त्या पुरुषाबरोबर विवाहावाचून राहत होती. लिटलटन निवर्तल्यानंतर १७७८ मध्ये त्यांनी तिला दीक्षा दिली आणि ती क्लोरिंडा झाली. तिने पाळैयमकोट्टै येथे बांधविलेले गिरिजाघर १७८५ मध्ये उघडले. तमिळ लोक त्याला ‘पाप्पात्ति अम्माळ कोविल’, म्हणजे ब्राह्मणबाईंचे देऊळ, असे म्हणत आले.

या स्त्रीच्या आयुष्यात दोन धर्मकल्पना एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या. पहिलीने सांगितले, पती मेला तरी तू त्याचीच. दुसरीने सांगितले, पती मेला तेव्हा तू मोकळी झालीस, पण विधीवाचून दुसऱ्याची होऊ नकोस. दोन्हींनी तिच्याच वागणुकीचा हिशेब मागितला. लिटलटनला कोणी काय विचारले, याचा बोलबाला झाला नाही.

ख्रिस्ती विवाहातील प्रतिज्ञा सामान्यतः मृत्यूपर्यंतचीच असते. पुनरुत्थानानंतर लग्न करणे वा लावून देणे नसते, असे येशूने सांगितल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. तरीही याच परंपरेतून निघालेल्या, अमेरिकेत १८३० मध्ये जोसेफ स्मिथ यांनी स्थापिलेल्या मॉर्मन पंथाचे उत्तर आपल्या सप्तपदीच्या फार जवळ येते. त्यांच्या मंदिरात लागलेला विवाह या लोकापुरता नसून अनंतकाळासाठी असतो. त्या विधीला ते मुद्रांकन म्हणतात. मुलेही त्या बंधनात येतात, आणि मृत पूर्वजांसाठी जिवंत वंशज प्रतिनिधी म्हणून हा विधी करतात. आपल्या श्राद्धपक्षाची आठवण होईल असेच हे आहे. न्यायालयात घटस्फोट झाला, तरी मंदिरातील बंधन आपोआप सुटत नाही. ते रद्द करण्यास पंथाच्या सर्वोच्च अध्यक्षमंडळाची संमती लागते. बहुपत्नीत्व त्यांनी १८९० मध्ये सोडले. तथापि पत्नी निवर्तलेल्या पुरुषाला दुसऱ्या स्त्रीशीही असेच अनंतकाळचे बंधन जोडता येते. हयात स्त्रीला मात्र एकाच पतीशी. सात समुद्रांपलीकडेही तराजूचे पारडे त्याच बाजूला झुकावे, याचे नवल वाटते.

या जन्मापुरता कायदा

तंजावरचा प्रदेश पेरियार रामस्वामी यांच्या स्वाभिमान चळवळीचाही प्रदेश आहे. १९२८ पासून या चळवळीने पुरोहित, अग्नी व मंत्र यांवाचून विवाह लावण्यास आरंभ केला. आप्तेष्टांसमक्ष वधूवर एकमेकांना जीवनसाथी म्हणून स्वीकारतात आणि हार घालतात. जन्मोजन्मीचा उच्चार त्यात नसतो. अशा विवाहांना कायद्याचा आधार नव्हता. १९६७ मध्ये अण्णादुराई यांच्या सरकारने हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती करून त्यांना मान्यता दिली.

अखिल भारतापुरते पाहिले, तर विधवाविवाहास १८५६ मध्ये कायद्याने मुभा दिली. बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये, मुंबई प्रांताने १९४७ मध्ये आणि मद्रासने १९४९ मध्ये हिंदूंना घटस्फोटाचा हक्क दिला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो देशभर लागू केला. महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोड आणि पाट पूर्वीपासून रूढ होते, हे विसरून चालणार नाही. म्हणजे ‘हिंदू विवाह कधीच तुटत नाही’ हे विधान काही घरांपुरते खरे होते, सर्वांपुरते नव्हते. १९५५ च्या कायद्याची एक गोष्ट मनोज्ञ आहे. जेथे सप्तपदीची रूढी आहे, तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो, असे त्यात म्हटले आहे. आणि त्याच कायद्यात तो विवाह कोणत्या कारणांनी सोडविता येईल, हेही सांगितले आहे. कायद्याने श्रद्धेची पावले जपली, पण त्या पावलांखाली कोणी चिरडले जाऊ नये याची तजवीज केली. पुढच्या जन्माविषयी मात्र तो काही बोलत नाही, आणि तसे बोलणे त्याचे कामही नव्हे.

मृत्यूनंतर आपल्या माणसाची भेट व्हावी, ही इच्छा कोणत्याही धर्माने शिकविण्याआधीपासून माणसाच्या हृदयात आहे. तिला हसणे सोपे आहे, पण त्यात शहाणपण नाही. ज्या घरात कोणी एकटे मागे राहिले आहे, तेथे ही आशाच कित्येकदा दिवस ढकलण्याचे बळ देते. तंजावर पाहून आमच्या मनाशी इतकेच ठरले, की ही आशा दोघांनी मिळून वाहावयाची असते. जे बंधन एकालाच बांधते, ते कितीही मोठ्या शब्दांनी सजविले तरी स्नेहाचे बंधन होत नाही. आणि गेलेल्याशी नाते राखावयाचे, तर त्याचा मार्ग सेंबियन महादेवीने आणि सरफोजींनी दाखवून दिला आहे. त्या राणीने पतीच्या नावाने देऊळ बांधले, राजाने प्रियेच्या नावाने पंगत मांडली; आणि दोघांनीही मागे राहिलेल्यांच्या आयुष्याला हात दिला.

तंजावरला जाणाऱ्या वाचकांनी बृहदीश्वराचे शिखर जरूर पाहावे, सरस्वती महालातील पोथ्याही पाहाव्यात. पण एक दिवस हाती उरला, तर ओरत्तनाडुची बस पकडावी. तेथे शिखर नाही आणि सोन्याचा कळसही नाही. परंतु छत्राच्या ओवरीत क्षणभर टेकले, की येथे किती अनोळखी माणसे मुक्तांबेचे नाव घेऊन जेवून उठली असतील, याचा विचार मनात आल्यावाचून राहणार नाही.